छायाचित्र उघडायला वेळ का लागतो?

स्नेहसंमेलन आटोपले की पालकांची पहिली मागणी छायाचित्रांची असते. पूर्वी शाळेच्या फलकावर लहान प्रती लावल्या जात. ज्याला हवी त्याने क्रमांक लिहून द्यायचा आणि आठवड्याने प्रत घ्यायची. आता तेच काम शाळेचे मोबाइल ॲप करते. पण यंदा छायाचित्रदालन उघडले की बऱ्याच पालकांना नुसते राखाडी चौकोन आणि गोल फिरणारे चक्र दिसत होते. बोटाने वर सरकवावे तर पडदा अडखळत सरके. काही जुन्या फोनांवर तर ॲपच बंद पडे. नातवाचे नाटक पाहायला पुण्या-नागपुराहून आजी-आजोबा थांबलेले, आणि इकडे इंदुरात सूनबाई म्हणताहेत, "थांबा, येतंय अजून!"

यावर तीन निदाने लगेच पुढे आली. कोणी म्हणाले नेट मंद आहे, कोणी म्हणाले फोन जुना झाला, आता नवा घ्या. विश्वस्त मंडळापुढे तिसरी सूचना आली की भाड्याने मोठा सर्व्हर आणि अधिक वेगाची लाइन घ्यावी. ही सूचना खर्चाची होती. म्हणून तिच्यावर निर्णय होण्यापूर्वी संगणक कक्षाने नववी-दहावीच्या काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन नीट तपास करावा, असे ठरले. त्या तपासात काय आढळले ते येथे मांडत आहोत. छायाचित्रे दाखवणाऱ्या कोणत्याही ॲपला ते लागू पडेल, त्यामुळे संगणकाची आवड असणाऱ्या विद्यार्थिमित्रांनी हा लेख जरा सावकाश वाचावा.

आधी छायाचित्राचा प्रवास पाहू. ते दूरच्या सर्व्हरवर एका फाइलच्या रूपात पडलेले असते. तेथून ते नेटवरून फोनमध्ये येते. फोन ती फाइल उलगडतो, म्हणजे तिच्यातून चित्राचा एकेक ठिपका वेगळा काढून आपल्या चालू स्मृतीत, रॅममध्ये, मांडतो. मग ते ठिपके चौकटीच्या मापात बसवून पडद्यावर काढतो. आपले सगळ्यांचे लक्ष असते ते दुसऱ्या टप्प्यावर, कारण नेट मंद असते हा रोजचा अनुभव. उलगडण्याचा टप्पा कोणाला दिसत नाही, आणि खरी गोम बहुतेक वेळा तेथेच असते.

वाळवणातली कुरडई आठवा. डब्यात ती इवलीशी असते, म्हणून एका डब्यात ढीगभर मावतात. तेलात पडली की फुलून कढई व्यापते. छायाचित्राची फाइल म्हणजे डब्यातली कोरडी कुरडई आणि उलगडलेले चित्र म्हणजे तळलेली. डब्यात किती मावल्या यावरून कढईत एका वेळी किती मावतील याचा अंदाज बांधणारी गृहिणी आम्हांला अजून भेटलेली नाही. ॲप बांधणारे मात्र हा अंदाज हमखास तसाच बांधतात!

आता आकडे पाहू. आजच्या साध्या फोनचा कॅमेराही १२ मेगापिक्सेलचा असतो. ४००० ठिपके आडवे आणि ३००० उभे, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख ठिपके. त्याची जेपेग फाइल साधारण ४ एमबीची होते. उलगडल्यावर प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट लागतात: तांबडा, हिरवा, निळा आणि पारदर्शकता यांना प्रत्येकी एक. १ कोटी २० लाख गुणिले ४ म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट, अर्थात ४८ एमबी. चार एमबीची कुरडई फुलून अठ्ठेचाळीसची झाली.

आणि ही एवढी मोठी कुरडई वाढायची कशात? दालनात एका ओळीत तीन चौकटी असतात. ७२० ठिपके रुंदीच्या स्वस्त फोनवर एकेका चौकटीला मिळतात २४० गुणिले २४० ठिपके, म्हणजे अवघे ५७,६००. त्यासाठी १ कोटी २० लाख ठिपके उलगडले जातात, गरजेच्या दोनशेपट! पडद्यावर एका वेळी १५ चौकटी असल्या तर १५ गुणिले ४८, म्हणजे ७२० एमबी स्मृती हवी. दोन-तीन जीबी रॅमच्या फोनमध्ये निम्मी जागा फोनची स्वतःची कामेच अडवून बसलेली असतात, आणि एका ॲपने किती घ्यावी यालाही मर्यादा असते. ती ओलांडली की फोन ॲपला सरळ बाहेर काढतो. पालकांना वाटते ॲप 'उडाले'. ते उडत नाही. कढईत मावेना म्हणून गॅस बंद होतो.

हे झाले तर्काने. पण तर्क बरोबर आहे की नाही हे पडताळल्याशिवाय विश्वस्तांपुढे जाणे योग्य नव्हते. त्यासाठी केलेल्या परीक्षा कोणालाही घरी करून पाहता येतील, पैसा लागत नाही.

पहिली परीक्षा विमान-मोडची. दालनातली पहिली काही छायाचित्रे पूर्ण दिसेपर्यंत थांबायचे, मग फोन विमान-मोडवर टाकायचा, म्हणजे नेट पूर्ण बंद. आता दालनातून बाहेर येऊन पुन्हा आत जायचे. छायाचित्रे मुळीच दिसली नाहीत तर समजावे की ॲप ती साठवून ठेवतच नाही, दर वेळी नव्याने मागवते. लगेच दिसली तर सारे ठीक. पण दिसली खरी आणि तरीही रेंगाळत दिसली, तर नेट निर्दोष सुटले, कारण नेट तर बंदच आहे! आपल्या ॲपमध्ये हा तिसरा प्रकार आढळला. फाइल फोनमध्ये हजर, तरी चौकोन राखाडीच.

दुसरी परीक्षा दोन फोनांची. एकाच वायफायवर एक नवा आणि एक जुना फोन शेजारी शेजारी ठेवून तेच दालन उघडले. नव्यावर चित्रे भराभर आली, जुन्यावर रखडली. लाइन तीच, सर्व्हर तोच. म्हणजे फरक उलगडण्यातच पडतो.

येथे कोणी म्हणेल, मग फोन जुना हेच कारण ठरले की! तसे ठरत नाही, आणि ते तिसऱ्या परीक्षेने सिद्ध झाले. एक छायाचित्र संगणकावर ४८० ठिपके रुंदीचे करून बाकीच्या मोठ्या छायाचित्रांमध्ये चढवले. जुन्या फोनवर ते एकटे क्षणात उघडले, आजूबाजूचे सारे चक्र फिरवीत बसले. जो फोन लहान चित्र क्षणात दाखवतो त्याला म्हातारा ठरवून नवा घ्यायला लावणे हा पालकांवर अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन मुलांची फी भरणाऱ्या घराला फोन बदला असे सहज सांगून मोकळे होता येत नाही.

सरकवताना पडदा अडखळतो त्याचे कारण थोडे वेगळे आहे. फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जातो. काही नव्या फोनांत ९० किंवा १२० वेळा. साठाच्या हिशेबाने एका खेपेला सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात नवे चित्र तयार नसेल तर जुनेच पडद्यावर राहते आणि डोळ्यांना गचका जाणवतो. ॲपमध्ये पडदा रंगवण्याचे आणि बोटाचा स्पर्श ओळखण्याचे काम एकाच मुख्य धाग्यावर चालते. छायाचित्र उलगडण्याचे जड कामही त्याच धाग्यावर टाकले तर काय होईल? सकाळी पोहे-जिलबीच्या दुकानात भट्टीवरही तोच आणि गल्ल्यावरही तोच माणूस असला तर रांग जशी खोळंबते, तसे. जिलबी झाऱ्याने उलटवीपर्यंत सुटे पैसे मिळत नाहीत. उलगडण्याचे काम मागच्या धाग्यावर द्यावे आणि तयार झालेले चित्र तेवढे मुख्य धाग्याने मांडावे, ही त्यावरची जुनी आणि खात्रीची रीत आहे.

विद्यार्थ्यांना हा गचका डोळ्यांनी पाहता येतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड क्रमांक' या ओळीवर सात वेळा बोट टेकवले की 'डेव्हलपर पर्याय' खुले होतात. त्यांत पडदा रंगवायला लागणारा वेळ उभ्या पट्ट्यांनी दाखवण्याची सोय असते. आडवी हिरवी रेघ म्हणजे १६ मिलिसेकंद. पट्टी रेघेच्या वर गेली की त्या खेपेला उशीर झाला. दालन सरकवताना पट्ट्या रेघ ओलांडून पार वर जाताना पाहून आमचे विद्यार्थी चांगलेच खूश झाले. (पाहून झाले की हे पर्याय बंद करून ठेवावेत. बाकीच्यांत उगाच बोट घालू नये.)

आता उपाय. तो समजायला जेपेगच्या पोटात थोडे शिरावे लागेल, पण तेथे आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्टही आहे. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे लहान चौकोन करते. प्रत्येक चौकोनाचे वर्णन ते ठिपक्यांनी न करता कमी-जास्त दाट लहरींच्या बेरजेने करते. डोळ्यांना जाणवत नाहीत अशा बारीक लहरी ढोबळ मानाने नोंदवते, आणि म्हणून फाइल लहान होते. या लहरींचे गणित नासिर अहमद यांनी मांडले. त्यांचा जन्म बेंगळुरूचा आणि १९६१ साली अभियांत्रिकीची पदवीही तेथलीच. पुढे ते अमेरिकेत गेले. १९७२ साली या कल्पनेवर काम करण्यासाठी त्यांनी तिकडच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. तरी त्यांनी काम सोडले नाही आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. १९९२ साली ठरलेले जेपेगचे मानक याच गणितावर उभे आहे. आज आपण पाठवतो त्या जवळजवळ प्रत्येक छायाचित्रात ते आहे.

आपल्या कामाचा भाग असा की प्रत्येक चौकोनातली पहिली संख्या ही त्या चौकोनाची सरासरी छटा असते. चित्र एक-अष्टमांश मापात हवे असेल तर प्रत्येक चौकोनाची तेवढी सरासरी घेतली की पुरते, बाकीच्या लहरी सोडवायची गरजच नाही. ४००० गुणिले ३००० चे चित्र मग ५०० गुणिले ३७५ चे होऊन येते आणि ४८ एमबीऐवजी पाऊण एमबीत बसते. पंधरा चौकटींना ७२० ऐवजी साधारण सव्वाअकरा एमबी! वेळही वाचतो, स्मृतीही वाचते, आणि अँगठ्याएवढ्या चौकटीत डोळ्यांना फरक कळत नाही. अँड्रॉइडमध्ये ही सोय फार पूर्वीपासून आहे: आधी फाइलची फक्त मापे वाचायची, मग चौकट पाहून निम्म्याने, पावाने की अष्टमांशाने उलगडायचे ते सांगायचे. ग्लाइड, कॉइल यांसारखी तयार साधने तर हे आपण होऊन करतात. ॲप बांधणाऱ्या मंडळींना याची कल्पना नसते असे नाही. पण ती आपले काम नव्या फोनवर, दहा-बारा चित्रांवर तपासून पाहतात. तेथे सगळे सुरळीत असते.

फोनमध्ये लहान करून उलगडणे हा मात्र अर्धाच उपाय. मोठी फाइल नेटवरून तर यावीच लागते. ८ एमबीपीएसची लाइन म्हटली की पालकांना वाटते सेकंदाला ८ एमबी. तसे नाही. त्यातला बी हा बिटचा, आणि ८ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला एक एमबी. चार एमबीच्या एका छायाचित्राला चार सेकंद, पंधरांना एक मिनिट. संमेलनाची ३०० छायाचित्रे एका पालकाने नुसती चाळली तरी १२०० एमबी खर्च. दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्या घरात त्या दिवशी मुलाच्या अभ्यासाला फारसे काही उरत नाही. तीच ३०० छायाचित्रे ३० केबीच्या लहान प्रतींनी दाखवली तर सारे दालन ९ एमबीत आटोपते, आणि ज्यावर बोट ठेवाल तेवढे एकच मोठ्या रूपात मागवले जाते.

म्हणून छायाचित्र सर्व्हरवर चढते त्याच क्षणी त्याच्या तीन प्रती व्हाव्यात: चौकटीपुरती लहान, पडदाभर पाहण्यापुरती मध्यम, आणि ज्याला छापून घ्यायचे त्याच्यासाठी मूळ. हे काम एकदाच होते आणि सर्व्हरवर होते. शेकडो फोनांना तेच ते काम पुन्हा पुन्हा करावे लागत नाही. एकदा आलेली प्रत फोनने जपून ठेवावी, दिसेनाशा झालेल्या चौकटीचे चालू काम थांबवावे, म्हणजे भराभर सरकवताना मागे पडलेल्या चित्रांची रांग तुंबत नाही. ही झाली ॲप बांधणाऱ्यांची कामे.

विश्वस्तांपुढे आम्ही एवढेच ठेवले की मोठ्या सर्व्हरची आज गरज नाही. मोठी लाइन घेतली असती तर मोठ्या फाइली जरा लवकर आल्या असत्या आणि जुन्या फोनांत तशाच अडकल्या असत्या.

छायाचित्रांपेक्षा अवघड प्रश्न निघाला तो आपल्या जुन्या हस्तलिखित अंकांचा. ते अंक स्कॅन करून ॲपवर ठेवायचे ठरले आहे, आणि माजी विद्यार्थ्यांना त्यांची फार ओढ आहे. जपणुकीसाठी स्कॅन ६०० डीपीआयवर केले, ते योग्यच आहे. पण ए-फोर मापाचे एक पान त्या दराने ४९६० गुणिले ७०१६ ठिपक्यांचे होते. उलगडल्यावर सुमारे १३९ एमबी! एवढे मोठे चित्र एका झटक्यात पडद्यावर काढायला अँड्रॉइड बहुधा नकारच देते. मग लहान करावे, तर दुसरीच अडचण येते. संमेलनाच्या छायाचित्रात एखादी बारीक लहर गेली तर कोणाच्या लक्षात येत नाही, हस्ताक्षरात मात्र येते. जेपेग फार आवळले की अक्षरांच्या कडांना धुरकट डाग येतात, आणि सर्वांत आधी बळी जातात ते अनुस्वार आणि रफार. मराठीत एका टिंबाने एकाचे अनेक होतात: 'मुलाचा' आणि 'मुलांचा' यांतला फरक त्या टिंबापुरताच आहे. पन्नास वर्षांपूर्वी कोणी विद्यार्थ्याने टाकाने काळजीपूर्वक दिलेला अनुस्वार आपण वेग वाढवण्यासाठी पुसून टाकणे बरे नव्हे.

त्यामुळे या पानांना तुकड्यांची पद्धत सुचवली आहे. मोबाइलवरचे नकाशे चालतात तीच ही पद्धत. पान २५६ गुणिले २५६ ठिपक्यांच्या तुकड्यांत कापून ठेवायचे. पूर्ण पान पाहताना लहान प्रत दाखवायची, आणि दोन बोटांनी मोठे केले की जेवढा भाग पडद्यावर आहे तेवढेच तुकडे मागवायचे. पान कितीही मोठे असो, फोनवर बोजा पडद्याएवढाच पडतो. शिवाय शाईचा मजकूर असलेली पाने फार आवळू नयेत, असेही सांगितले आहे. यात थोडा वेळ जाईल, पण घाई करण्यासारखे हे काम नाही.

आणखी एक गोष्ट या तपासात ओघाने पुढे आली, ती पालकांनी अवश्य वाचावी. मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये चित्राशिवाय काही नोंदीही असतात: तारीख, वेळ, कॅमेरा कसा धरला होता, आणि फोनमध्ये तशी सोय चालू असेल तर ते कोठे काढले त्याचे अक्षांश-रेखांशसुद्धा. मूळ फाइल जशीच्या तशी सर्वांना दिली की मुलाचे छायाचित्र घरी काढलेले असल्यास घराचा ठावठिकाणाही जातो. प्रती करताना या नोंदी काढून टाकायला सांगितले आहे. मात्र कॅमेरा आडवा होता की उभा ही नोंदही त्यांतच असते. ती आधी वाचून चित्र सरळ केले नाही तर रंगमंचावरची सारी पात्रे आडवी झोपलेली दिसतात! तोपर्यंत, वर्गाच्या दालनासाठी घरून छायाचित्र पाठवताना कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील 'स्थान' ही सोय बंद ठेवावी.

पालकहो, फोन मंद झाला की 'कॅशे पुसा' असा सल्ला हमखास मिळतो. फोनमधली जागा पूर्ण भरली असेल तर तो ठीक आहे. एरवी कॅशे म्हणजे एकदा आणून ठेवलेली छायाचित्रेच असतात. ती पुसली की पुन्हा सगळी नेटवरून आणावी लागतात. रोज रात्री 'सफाई' करणारी ॲप्स याच कारणाने दुसऱ्या दिवशी दालन अधिक मंद करतात. ती काढून टाकलेली बरी.

ॲपची सुधारित आवृत्ती आली की सूचना फलकावर लागेल. ती घेतल्यावरही छायाचित्रे रेंगाळत असतील तर संगणक कक्षात लेखी कळवावे. कळवताना 'ॲप चालत नाही' एवढेच न लिहिता फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, उशीर पहिल्याच वेळी होतो की दर वेळी, आणि विमान-मोडवर काय झाले, एवढे चार तपशील द्यावेत. त्यावरून अडचण कोणत्या टप्प्यावर आहे ते आमचे विद्यार्थी बहुधा तुमचा फोन हातात न घेताच सांगतील.